रायफलीवरचं कुंकू

औंढ्याच्या दत्तोबांनी भातातली रानडुकरं हाकायला घेतलेली बावीस बोअरची जुनी रायफल त्यांचा लेक निलेश विकून टाकायला निघाला होता. दत्तोबांचा जीव तिच्यात अडकला होता, पण लेकापुढं बोलणार कोण?

दोघं पुण्याच्या दुकानात गेले, तिथं बंदूकवाल्यानं नळी उजेडाकडं धरून आत डोकावलं. "आतून कोरी आहे, आबा!"

म्हणजे आता चांगल्या भावानं विकली जाणार, दत्तोबांना वाटलं.

मग बंदूकवाल्यानं रायफल फिरवली. लोखंडावर बोटं उठल्यासारखे तपकिरी खड्डे होते. "हा गंज कसला?"

"दसऱ्याच्या पूजेचा," दत्तोबा पुटपुटले. त्यांची बायको झुंबरबाई दर दसऱ्याला रायफलीला ओलं हळदकुंकू लावायची न् दिवाळीपर्यंत पुसू द्यायची नाही. त्यावरून त्यांनी तिला तीस वर्षं फैलावर घेतलं होतं.

"मग दोन हजारांच्या वर कोणी देणार नाही."

"तेवढ्यासाठी कोण विकतंय!" निलेश वैतागला. दत्तोबांचा जीव भांड्यात पडला.

घरी झुंबरबाई खालमानेनं म्हणाली, "माज्यामुळं किंमत गेली, व्हय?"

"व्हय," रायफल कपाटात ठेवत दत्तोबा म्हणाले. "औंदा जरा जास्तच लाव."