खाटेच्या दांडीवरची घंटी

“वाजली पुन्हा. आत्ता कुठं बूड टेकलं होतं.”

निवेदिता हे तोंडातल्या तोंडात म्हणाली. ती खाटेवर वाकली होती, म्हणून मला ते कानाशी ऐकू आलं. वाईट मुळीच वाटलं नाही. कुरकुरत का होईना, ती माझ्याच हाकेला आली होती.

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी घंटी आहे. सायकल मात्र आता नाही, ती कधीच भंगारात गेली. गोदावरीबाईंचे यजमान तिच्यावरून रोज कामाला जायचे, तेव्हा नवी पेठेतली गर्दी माझ्या एका आवाजात बाजूला व्हायची. ते गेले आणि मी अकरा वर्षं खिळ्यांच्या डब्यात काढली. मग गोदावरीबाईंची डावी बाजू लकव्यानं गेली. त्यांच्या मुलानं, सुबोधनं, मला शोधलं, तेलानं माझा गंज सोडवला आणि खाटेच्या दांडीवर घट्ट बसवलं, बरोबर उजव्या अंगठ्याखाली. शेजारच्या केराबाई बघायला आल्या. “लई डोकं चालवलंस की रे,” त्या म्हणाल्या. डोकं सुबोधचं, पण मान माझी ताठ झाली.

एकदा वाजले की पाणी, दोनदा वाजले की कूस बदलायची, सारखी वाजले तर पळत या. सूनबाई निवेदिता शाळेत गणित शिकवायची. माझ्यासाठी तिनं बिनपगारी रजा काढली. म्हणजे गोदावरीबाईंसाठी, पण मला तेव्हा असंच वाटायचं. तीन वर्षं त्या घरात माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.

या उन्हाळ्यात शाळेतून निरोप आला. सोमवारपासून येणार का ते सांगा, नाहीतर दुसऱ्या बाई घेतो. निवेदिता भाजी निवडत राहिली, गोदावरीबाई भिंतीकडे बघत राहिल्या. केराबाई दुपारी येऊन जेवू घालायला तयार होत्या, पण बाकीच्या वेळेचं काय? सुबोध चिंचोळीच्या कारखान्यातून येताना एक डबा घेऊन आला. बरणीच्या झाकणाएवढा, गुळगुळीत. त्याला हातसुद्धा लावायचा नाही. ‘सखी’ म्हणून हाक मारायची आणि काम सांगायचं. दिवा, पंखा, केराबाईंना फोन, सगळं तो बघणार.

मी जळले, मित्रांनो. तीन वर्षं राबली ती घंटी, आणि कालची आली ती सखी.

पहिल्या दिवशी उकडायला लागलं तशा गोदावरीबाई म्हणाल्या, “सखी, पंखा सोड की.”

“मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.”

“मी काय तेलुगूत बोलले का गं?”

माझ्या वाटीत गुदगुल्या झाल्या. खरी मजा तर दुपारी आली. डुलकीची वेळ झाली. गोदावरीबाईंच्या माहेरी ‘दिवा विझव’ किंवा ‘बंद कर’ असं कुणी तोंडातून काढत नाही, ते अशुभ. ‘दिवा मोठा कर’ म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्यानं तो मालवायचा.

“सखी, दिवा मोठा कर.”

सखीनं केला. खोली लखलखली.

“अगं बये, मोठा कर म्हनते न्हवं?”

आणखी लखलखली. डोळ्यांवरचा हात काढून त्यांनी मला गाठलं आणि मी अशी वाजले की गल्लीतल्या कोंबड्या पळाल्या असतील. निवेदिता पिठाच्या हातांनी आली. तिनं बटण दाबलं.

“नाही ना जमत, आई? राहू दे. मी आहे घरी.”

तिचा आवाज इतका सपाट होता की दुसरं कुणीही असतं तर थबकलं असतं. मी मात्र मनात म्हटलं, जिंकले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला महिन्यातून तेलाचा थेंब द्या आणि नवी आली म्हणून तिला डब्यात टाकू नका. हे मी मनापासून सांगते. पण ज्याला हाक मारावी लागते, त्याला ती मारताना काय वाटतं, हेही कधी विचारत जा. मी इतकी वर्षं त्या अंगठ्याखाली होते आणि मला ते कळलं नाही.

रविवारी सगळे बाहेरच्या खोलीत होते. गोदावरीबाई हळूच म्हणाल्या, “सखी, दिवा बंद.” दिवा गेला. त्यांनी जीभ चावली, एका हातानं देवाला नमस्कार केला आणि पुन्हा म्हणाल्या, “सखी, दिवा लाव. सखी, दिवा बंद.” सात वेळा. मग त्यांनी हाक मारली. मी तयार होते, पण अंगठा आला नाही. हाक तोंडानं मारली होती.

निवेदिता आली. “घंटी बिघडली का, आई?”

“न्हाय. बस हितं.” त्या थोडा वेळ चादरीची चुणी सारखी करत राहिल्या. “ही वाजवायची म्हंजे जीव नको व्हायचा माजा. तान लागली तरी दोन-दोन तास दाबून पडायची मी.”

“असं काय बोलता, आई? मी कधी काही म्हटलं का?”

“कायबी न्हाय म्हटलंस तू. मीबी कायबी न्हाय म्हटलं. तुला माजा कंटाळा आलाय, निवेदिता. आणि मलाबी तुजा आलाय. उद्या शाळेत जा.”