पिठातली तिसरी जात

आमच्या प्रयोगशाळेत पिठाच्या बरण्यांत दोन जातींचे किडे पाळलेत, तांबडे आणि काळे. पीठ मोजकंच. कोण टिकेल, कोण संपेल, याचं गणित मांडणं हे माझं काम. वय पन्नाशीचं आणि अक्कल पंधराची, असं आमची बायको म्हणते.

आमच्या साहेबांना त्या गणितातली एकच ओळ पाठ: एका अन्नावर दोघं आले की एक जाणार. ती त्यांनी थेट माणसांना लावली. काडी आणि गुब्बी या दोन पोरी इथे संशोधन करतात. साहेब म्हणाले, मायक्रोस्कोप एकच आहे, जिची किड्यांची मोजणी आधी संपेल ती राहील, दुसरीने गाशा गुंडाळायचा. झालं. जिवाभावाच्या मैत्रिणी सकाळी धावत येऊन खुर्ची अडवायला लागल्या.

काडी माझ्यावरच उखडली. "मामा, तुमच्याच गणिताने आमची माती केली."

झोंबलं हो. गणितात पीठ मोजकं धरतात, ठीक. पण इथे ते मोजकं केलं कोणी? दुसरा मायक्रोस्कोप साहेबांच्या केबिनमध्ये शोभेला ठेवलेला, वर त्यांची टोपी!

अनुदान देणाऱ्या बाई पाहणीला आल्या, तेव्हा साहेबांनी मला नेहमीचा आलेख दाखवायला सांगितला. मी त्यात हळूच तिसरी जात सोडली. ही पीठ खात नाही, नुसती अडवून बसते. पडद्यावर तांबडे घसरले, काळेही घसरले. बाईंनी उपाय विचारला. साहेब ऐटीत म्हणाले, तिसरीला हाकला, दोघं सुखाने जगतील. हाकललं. तांबडे वरचं पीठ खातात, काळे तळाचं. दोन्ही रेघा वर चढल्या.

"ही तिसरी जात खरोखर असते कुठे?" बाईंनी विचारलं.

"साहेबांच्या केबिनमध्ये चला, दाखवतो," मी म्हणालो.

तिथे मी मायक्रोस्कोपवरची टोपी उचलली. साहेब पुटपुटले, तो बिघडलाय. बाईंनी बटण दाबलं, लख्ख दिवा लागला. साहेबांचा चेहरा तांबड्या किड्यासारखा.

संध्याकाळपर्यंत तो मायक्रोस्कोप पोरींच्या खोलीत आला, दोघींची जागाही टिकली. मी फुशारकी मारायला आत गेलो. एकीने आपला मायक्रोस्कोप या भिंतीला लावलेला, दुसरीने त्या. पाठीला पाठ. मी दोन विनोद केले, दोघी हसल्या, पण वेगवेगळ्या.

साहेबांना माफी मागायला लावेन एक दिवस. पण ती यांच्या काय कामाची?