डाव्या बाजूचा कार्बोरेटर

मित्रांनो, माझी गोष्ट माझ्या एकट्याची नाही. आम्ही दोघे भाऊ. एकाच साच्यात, एकाच दुपारी ओतलेले. मी एका जुन्या मोटारसायकलचा डावा कार्बोरेटर आणि तो उजवा. आमच्या मधोमध इंजिन. पस्तीस वर्षे मी भावाचा श्वास ऐकत आलो, पण त्याचे तोंड मात्र कधी पाहिले नव्हते.

आमचे काम सोपे वाटते. पेट्रोलमध्ये हवा मिसळायची आणि तो घास इंजिनला भरवायचा. गाडी धावत असते तेव्हा हे सहज जमते. आमची खरी परीक्षा गाडी उभी असताना होते. हँडलच्या मुठीवर कुणाचा हात नसतो, तरीही इंजिनाने झोपलेल्या मुलासारखा संथ श्वास घेत राहायचे असते. गाडी दुरुस्त करणारे याला ‘स्लो’ म्हणतात. त्या वेळी पेट्रोल सुईच्या टोकाएवढ्या वाटेने येते. त्या वाटेत धुळीचा एक कण अडकला, तरी श्वास तुटतो.

उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या कारखान्यात आम्ही जन्मलो. तिथून मेणकागदात गुंडाळून, आगगाडीने, या डोंगरात आलो. असानकुल नावाच्या तरुणाने आमची मोटारसायकल घरी आणली. गाडीच्या उजव्या अंगाला होडीसारखी साइडकार होती. तिच्यात बसून त्याची नवरी उमसुनाई सासरी आली. दोन तट्टे थोडे अंतर आमच्याबरोबर धावली आणि मग मागे पडली. त्या दिवसाचा वारा मला अजून आठवतो. हिवाळाभर आम्ही गोठ्यात गवताखाली झोपायचो. उन्हाळा आला की मेंढरांमागे वर जाइलूवर, उन्हाळी चराईच्या माळावर, जायचो. तिथे इतके उंच कुरण आहे की ढग गाडीच्या चाकांमधून जातात.

पुढे असानकुल वारला. उमसुनाई नर्स होती. जाइलूवर पसरलेली सतरा नमद्याची घरे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे गोल तंबू, तिच्याकडे होती. तिथल्या लोकांची औषधे, लसी आणि बाळंतपणे तीच पाहायची. पण दोन वर्षांपूर्वी ती घोड्यावरून पडली आणि तिचा डावा गुडघा मोडला. तेव्हापासून तिला रिकिबीत पाय टाकता येत नाही. किक मारताना सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो, म्हणून सकाळी तिचा धाकटा दीर बेकबोलोत गाडी सुरू करून द्यायचा. मग तिने दिवसभर इंजिन बंद पडू द्यायचे नाही.

आमच्याकडे दारात आलेला माणूस नान चाखल्याशिवाय परतत नाही. कितीही घाई असली तरी भाकरीचा तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा आणि मगच निघायचे. उमसुनाई प्रत्येक दारी गाडी चालू ठेवून आत जायची. ती नान चाखून, रोग्याला पाहून येईपर्यंत आम्ही दोघांनी बाहेर श्वास चालू ठेवायचा.

आणि हेच आम्हाला जमेनासे झाले.

गाडी बंद पडली की बेकबोलोत पेचकस घेऊन यायचा तो थेट माझ्याकडे. उजवा भाऊ साइडकारच्या आड होता. तिथे हात घालायचा तर आडवे पडावे लागे. मी मात्र हाताशी होतो. गाडी धडधडली की माझा स्क्रू पिळायचा. धूर आला की माझाच स्क्रू पिळायचा. ‘स्लो’ टिकत नाही म्हटल्यावर त्याने माझी रेस इतकी वाढवून ठेवली की उभ्या गाडीचे इंजिन ओरडायचे, तापायचे आणि तरी शेवटी थांबायचे. सगळे मलाच बोलतात, तेव्हा दोषही माझाच असणार, असे मलाही वाटू लागले.

एके दिवशी पेरिझातच्या दारात आम्ही बंद पडलो. पेरिझात ही खिंडीपलीकडची पोरसवदा गर्भार सून. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. पुरुष मेंढरांमागे गेलेले. त्या दोघींकडून किक बसेना. उमसुनाई संध्याकाळी पुरुष परतेपर्यंत तिथे अडकून राहिली आणि दोन डोंगर पलीकडे एक लहान मूल तापाने फणफणत तिची वाट पाहत होते. मूल वाचले. पण घरी आल्यावर ती बराच वेळ बूटही न काढता बसली.

“रविवारी लोकर न्यायला ट्रक येतोय ना?” ती बेकबोलोतला म्हणाली. “मी त्यानं खाली जाते. दवाखान्यात सांगते, वरती दुसरी कुणी पाठवा.”

“दुसरी कोण येतेय इथे वर? मागची बाई तीन दिवसांत पळाली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, आपल्या कुमीसचा, वाससुद्धा सोसला नाही तिला.”

“न पोचणारी नर्स काय कामाची?”

“वहिनी, उद्या अजून थोडी रेस वाढवतो.”

उमसुनाईने त्याच्याकडे पाहिले. “कुठली बाजू पिळतोस रे तू दर वेळी?”

“डावी.”

“आणि उजवी?”

“तिथे हात जात नाही.”

“माणसाची छाती मी दोन्ही बाजूंनी ऐकते, बेकबोलोत. ज्या बाजूला माझं स्टूल असतं तेवढीच नाही ऐकत.”

दुसऱ्या दिवशी तिने आधी ओढ्यापर्यंत गाडी फिरवून आणायला लावली. “गारठलेल्या माणसाची नाडी पाहून काय कळणार?” ती म्हणाली. इंजिन नीट तापल्यावर तिने बेकबोलोतला आपले रबरी हातमोजे दिले.

“हे घालून एकेका बाजूची प्लगची वायर काढ. दुसरी बाजू एकटी चालते का ते ऐकू.”

“झटका बसला तर?”

“तर नर्स इथेच उभी आहे.”

त्याने उजवीकडची वायर काढली. मी एकटा ओरडत राहिलो, पण चालत राहिलो. ती परत बसवून त्याने माझ्या बाजूची काढली. पलीकडचा भाऊ दोनदा खोकला आणि सगळे शांत झाले.

बेकबोलोतने हातमोजे उतरवले. “दोन उन्हाळे मी भलत्याचाच कान पिळत होतो की.”

मग साइडकार सोडवली. आम्हा दोघांना उतरवून पांढऱ्या चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी मी भावाला पाहिले. तो धुळीने माखला होता. त्याच्या स्क्रूची खाच कारखान्यातून आली तशीच कोवळी होती. माझी झिजून गोल झाली होती. वर ढग चालले होते आणि आम्ही दोघे तोंडे उघडी टाकून एकमेकांकडे पाहत होतो. तो क्षण संपू नये असे मला वाटले.

त्याची ती बारीक वाट वाळलेल्या पेट्रोलने बुजली होती. बेकबोलोतने सुई उचलली.

“ठेव ती. भोक मोठं होईल,” उमसुनाई म्हणाली आणि घोडीच्या शेपटीचा एक केस तोडून तिने त्याच्या हाती दिला. केस आत गेला आणि पलीकडून उजेड दिसला. इंजिनाला चिकटतो तिथले त्याचे पॅकिंगही चिरले होते. त्या फटीतून तो चोरून हवा ओढत होता. चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तिने कात्रीने नवे पॅकिंग कापले, बँडेज कापावे तसे.

आम्हाला परत बसवल्यावर दोघांचे हवेचे स्क्रू हलक्या हाताने आत टेकवले आणि सारखेच मागे फिरवले, दीड दीड फेरा. मुठीच्या तारांना नखभर ढील ठेवली. इंजिन पुन्हा तापल्यावर एकेक स्क्रू किंचित फिरवत, आवाज कुठे खुलतो ते ऐकत ती बसली. वरची हवा विरळ, म्हणून दोघांनाही अजून पाव फेरा सोडावे लागले. मग रेस हळूहळू उतरवली. वायर काढून पुन्हा तपासले. एकटा मी चाललो. एकटा तोही चालला. आणि दोघे मिळून इतके संथ चाललो की बेकबोलोत कुजबुजत बोलू लागला.

“मोठ्यानं बोल. झोपमोड नाही होत त्याची,” ती म्हणाली.

शनिवारी आम्ही पेरिझातच्या दारी गेलो. उमसुनाई आत शिरली. आम्ही बाहेर श्वास घेत राहिलो. तो चालला म्हणून मी चाललो, मी चाललो म्हणून तो. आतून सासूचा आवाज आला, “उभ्या उभ्या तुकडा तोडून पळतेस. पाहुणी आहेस का चिमणी? सूनबाईच्या पोटाला हात लावून नीट सांग तरी.”

उमसुनाई बाहेर आली. आमच्याजवळ उभी राहून तिने थोडा वेळ ऐकले. मग किल्ली फिरवली.

इंजिन थांबले. आम्ही बंद पडलो नव्हतो. तिने आम्हाला बंद केले होते. ती पुन्हा आत गेली, बसली, दुधाचा चहा प्याली आणि पेरिझातला सावकाश तपासले. मुलगा की मुलगी यावरून सासूशी तिचा वाददेखील रंगला.

निघताना तिने पाय उचलला नाही. किकच्या दांड्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार दिला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा आम्ही दोघांनी एकदमच श्वास घेतला.

रविवारी ट्रक लोकर घेऊन खाली गेला. उमसुनाईची जागा रिकामीच गेली.

मित्रांनो, आम्ही आता म्हातारे आहोत. आमची एक विनंती आहे. हिवाळ्यात गाडी ठेवाल तेव्हा आमच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवा, नाहीतर ते वाळून वाटा बुजतात. आणि काही बिघडले, तर जो हाताशी आहे त्यालाच पिळू नका. थोडे आडवे पडावे लागले तरी चालेल, पण पलीकडे जो बसला आहे त्याचाही श्वास ऐका.