न बघताच ठीक आहे

आधी ते केस सारखे करणं थांबवा आणि जरा ऐका. माझ्याकडे बघतात सगळे, ऐकत कुणी नाही. मी सलूनमधला आरसा. चांगला भिंतभर, फक्त खालच्या कोपऱ्यातला पारा उडालाय. स्वभावाने मी जळकुटा आहे, हे मीच सांगून टाकतो. उगाच मागून कुणाकडून कळायला नको.

मालकाच्या वडिलांनी मला काचेच्या कारखान्यातून जुन्या रजईत गुंडाळून आणलं. भिंतीवर चढवताना ते मालकाला म्हणाले, "याला जप. गिऱ्हाईक आपल्याकडे नाही, याच्याकडे येतं." त्या एका वाक्यावर माझी कितीतरी वर्षं मजेत गेली. भलेभले माझ्यासमोर पोट आत ओढून बसतात. डोक्यावर चार केस उरलेला माणूस ते चारही कसे कापायचे ते बजावून सांगतो.

आणि एक खोड झाडून सगळ्यांना. केस कापून झाले की मालक ड्रॉवरमधला छोटा आरसा काढून मानेमागे धरतो, मागची बाजू दाखवायला. गिऱ्हाईक तिकडे ढुंकूनही बघत नाही आणि म्हणतं, "ठीक आहे." त्या वीतभर आरशाचा मला कधी हेवा वाटला नाही तो यामुळेच. बिचाऱ्याला विचारतो कोण?

माझा खरा जीव जडला तो प्रोफेसरांवर. ते अर्थशास्त्र शिकवायचे. पहिल्या तासाची तालीम त्यांनी माझ्यासमोर केली, तोंडाला फेस लावलेला असताना. पुढे निवडणुकीचं पहिलं भाषण आणि अर्थमंत्री झाल्यावर दरवर्षीचा अर्थसंकल्पही. मालक वस्तरा हवेत धरून थांबायचा. त्यांची एक खूण मला पाठ झाली होती. मनापासून बोलत असले की ते माझ्यात स्वतःच्या डोळ्यांत बघायचे आणि थाप मारायची असली की हनुवटीकडे.

मग टीव्ही आला. मालकाने तो समोरच्या भिंतीवर, बरोबर माझ्या तोंडासमोर लावला. आता गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, माझ्याकडे बघायचं, आणि मी खूश व्हायला जावं तर ते माझ्यात टीव्ही बघत असायचं. माझ्याच अंगावर ते मेलं नाचायचं. खालची पळती अक्षरं माझ्यात उलटी दिसत, म्हणून लोक माना वळवायचे आणि मालक ओरडायचा, "हलू नका, कान जाईल." एखादा कान गेला असता तर मला वाईट वाटलं नसतं.

त्यातच देशाची घडी विस्कटली. भाव कडाडले, कारखान्यांना कुलपं लागली, बँकांपुढे रांगा लागल्या. बंद पडायला आलेल्या कारखान्यांना बँकांनी कर्ज द्यावंच, हा हुकूम प्रोफेसरांचा होता. कारखाने बुडाले आणि बँकांना घेऊन बुडाले. टीव्हीवर मात्र रोज खापर फोडायचं काम चालू होतं. हे म्हणत, आधीच्या सरकारने तिजोरी रिकामी ठेवली. ते म्हणत, आम्ही भरून दिली होती, यांनी उधळली. नाचता येईना, अंगण वाकडं.

मालकाचा जीव एका गोष्टीत अडकला होता. सलूनची जागा भाड्याची. ती विकत घ्यायला त्याने आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवली होती. मालकीणबाई रोज म्हणायच्या, "अहो, सगळं जग पैसे काढतंय. तुम्हाला वेगळा निरोप आलाय का?"

शेवटी दाढी करताना त्याने प्रोफेसरांना विचारलंच. "साहेब, पैसे काढून घेऊ का?"

"बँक पक्की आहे. मी सांगतोय ना."

बोलताना ते हनुवटीकडे बघत होते. मला दिसलं. पण त्या दिवशी ते टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत होते, मी त्याच आनंदात.

त्याच आठवड्यात बँक बंद पडली. टीव्हीवर प्रोफेसर सांगत होते की लोकांनी घाबरून पैसे काढले, म्हणून बँक बुडाली. मालक कंगवा धरून तसाच उभा राहिला. त्याने तर एक पैसाही काढला नव्हता.

पुढे संसदेत ते निवेदन करणार होते. सरकारने आपली चूक मानली तर ठेवी सरकार भरून देणार, घबराट कारण ठरली तर ठेवीदारांनी कपाळाला हात लावायचा. त्या सकाळी प्रोफेसर आले आणि बसता बसता म्हणाले, "अरे, खुर्ची तिकडे फिरव. माझी मुलाखत लागलीय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाठ केली. टीव्हीसाठी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मालकाने मुकाट्याने दाढी केली, मानेवरचे केस सारखे केले आणि छोटा आरसा त्यांच्यापुढे धरला. टीव्हीवरची नजर न काढता प्रोफेसर म्हणाले, "ठीक आहे."

"न बघताच म्हणालात, साहेब," मालक म्हणाला. "माझ्या बँकेचंही तसंच म्हणाला होतात."

प्रोफेसरांनी टीव्हीवरची नजर काढली. मग पाय जमिनीला रेटून त्यांनी स्वतःच खुर्ची माझ्याकडे वळवली, थेट डोळ्यांत बघितलं आणि तालीम करावी तसे हळू आवाजात म्हणाले, "हुकूम माझा होता. चूक माझी आहे."

मालकाने छोटा आरसा खाली ठेवला. "हेच बोला, साहेब. आमचं सगळं त्यावर आहे."

"बघतो," ते म्हणाले. नजर हनुवटीवर आली होती.

दुपारी संसदेत ते उभे राहिले आणि आधीच्या सरकारपासून घाबरट ठेवीदारांपर्यंत सगळ्यांना दोष देऊन खाली बसले. बाकं वाजली. मालकाने टीव्ही बंद केला. त्या दिवशी मला टीव्हीचा हेवा वाटला नाही. ते भाषण त्याला लखलाभ. खरं बोललेले दोन शब्द माझ्या वाट्याला आले होते. पण मला ते कुणाला दाखवता येत नाहीत, आणि मालकाला त्यांचा काही उपयोग नाही.

आता जागा दुसऱ्याची झालीय आणि टीव्ही न् मी जुन्या बाजारात विकायला आलो. टीव्ही पहिल्याच दिवशी विकला गेला, तोही चांगल्या किमतीला. माझा कोपरा बघून सगळे नाक मुरडतात. मालक आता पिशवी घेऊन घरोघरी दाढी करायला जातो, आणि सोबत कोणाला नेतो? त्या वीतभर आरशाला. ज्याला कधी कुणी विचारलं नाही, तो मालकाबरोबर गावभर हिंडतोय आणि मी इथे भिंतीला टेकून उभा आहे. जळतोय, नाही कशाला म्हणू?

मला न्यायचं असेल तर न्या, फक्त समोर टीव्ही लावू नका. आणि नाही नेलंत तरी एवढं करा. माझा मालक कधी तुमच्या दारी आला, मानेमागे तो छोटा आरसा धरला, तर एकदा मान वळवून नीट बघा. मग म्हणा ठीक आहे.