चवीपुरतं मीठ

पावांची एक अख्खी खेप जळाली आणि ते बेकरीवाल्या काकांना सगळ्यांत शेवटी कळलं. भट्टीच्या तोंडाशी तेच उभे होते. वास मात्र आला वरच्या मजल्यावर केस विंचरत बसलेल्या काकूंना. कंगवा केसांत तसाच ठेवून त्या जिना उतरल्या, काकांच्या हातातली लांब दांड्याची फळी काढून घेतली आणि कोळसा झालेले पाव एकेक करत बाहेर ओढले.  

शेजारचा टेलर म्हणजे काकांचा शाळेपासूनचा मित्र. दुकानांच्या मागच्या दारांशी उभं राहून दोघं दिवसभर मिळून धूर काढत. त्यानं निदान केलं, की भट्टीचं घड्याळ बिघडलं असणार. पण काकांच्या भट्टीला घड्याळ कधी नव्हतंच. त्यांचे वडील नाकानं पाव भाजत आणि काकाही तेच शिकले होते. आधी ओल्या पिठाचा वास येतो, मग गोडसर, आणि मग भाजलेल्या दाण्यांसारखा. तो आला की पाव बाहेर. इतकं सोपं. त्या दुपारी दुकानात कोणी नसताना काकांनी यीस्टच्या डब्यात नाक खुपसलं. काही नाही. दालचिनीची बाटली उघडली. तिथंही सामसूम. गोडसर वास शेवटचा कधी आला होता तेही त्यांना आठवेना. इतकी वर्षं ते नुसत्या सवयीनं आणि कवचाचा रंग बघून निभावत होते, आणि आता डोळ्यांवरही चष्मा चढला होता. नाक गेलेला बेकरीवाला म्हणजे कान गेलेला गवई. काकांनी दालचिनीचं झाकण लावलं आणि काकूंना सांगितलं, की सिगरेट बंद.

काकूंनी मान हलवली. ही घोषणा त्यांना नवी नव्हती. काका याआधीही पुष्कळदा बंद झाले होते. बंद झाले की ते घरातल्या प्रत्येकावर खेकसत, गिऱ्हाइकाला सुटे पैसे असे देत जणू भीक घालताहेत, आणि मग अचानक त्यांचा स्वभाव गोड होई. तो गोड झाला की काकू पिठाच्या पिंपात हात घालून पाकीट शोधून काढत. एकदा तर पाकीट त्यांना पीठ चाळताना चाळणीतच सापडलं होतं.

या वेळी काकूंनी एकच अट घातली. एकट्यानं सोडायची नाही, दवाखान्यात जायचं. सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर सिगरेट-तंबाखू सोडवणाऱ्या एक सिस्टर दर गुरुवारी बसत. काका गेले, पण त्या दारावरची पाटी बरीच मोठी होती आणि जिन्यावर ओळखीची माणसं ये-जा करत होती. म्हणून ते शेजारी, डोळे तपासायच्या बाकावर जाऊन बसले. तिथं नंबर लागला तेव्हा त्यांनी निमूटपणे भिंतीवरची अक्षरंही वाचून दाखवली. शेवटी चष्म्याच्या डॉक्टरांनीच त्यांच्या बोटांवरचे पिवळे डाग पाहून शेजारचं दार दाखवलं.

सिस्टर लहान चणीच्या, शांत बाई होत्या. सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात लागते, असं त्यांनी विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे विचारलं, की डोळे उघडायच्या आधीचा वेळ धरायचा की नंतरचा. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं, की ह्यात काकांचा निश्चय कच्चा वगैरे काही नाही. निकोटिन मेंदूत जाऊन बसतं, त्याला बसायला जागा असतात. रोज इतकी मंडळी येतात म्हटल्यावर मेंदू जास्तीच्या खुर्च्या मांडतो. एक दिवस कोणीच आलं नाही की त्या रिकाम्या खुर्च्या आरडाओरडा करतात. त्या हळूहळू उचलल्या जातात, पण एका रात्रीत नाही. तोवर कातडीवर निकोटिनची पट्टी लावायची. थोडं थोडं मिळत राहतं, ओरडा कमी होतो. मधेच तलफ आली तर च्युइंगम आहे. तेही बकाबका चावायचं नाही. जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं. तलफ काही मिनिटांत चढते आणि आपोआप उतरते, तेवढा वेळ हाताला काम द्यायचं.

काकांनी हाताला काम दिलं. पण काम पीठ मळण्याचं, जागा भट्टीशेजारची, आणि पट्टी लावलेली दंडावर. पहिल्याच आठवड्यात मळून झाल्यावर बघतात तर दंड मोकळा.  पिठाचा अख्खा गोळा पुन्हा ओट्यावर पसरून दोघं नवरा-बायको वाकून बोटांनी चाचपत राहिले. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळली. पट्टी शेवटी काकांच्या बनियनच्या आत चिकटलेली सापडली, तरी काकूंनी ते पीठ फेकूनच दिलं. सिस्टरांनी मग जागा बदलून दिली. पाठीवर, खांद्याच्या मागे, जिथं घाम कमी आणि हात पोचत नाही. तेव्हापासून रोज सकाळी काकू पट्टी लावू लागल्या. नीट चिकटावी म्हणून वरून एक थाप मारत. थाप गरजेपेक्षा जरा जोरात बसते, असं काकांचं म्हणणं होतं. पुष्कळ वर्षांची आहे, असं काकूंचं.

आणि मग एका पहाटे काकांना गोडसर वास आला.

ते हातातलं काम टाकून उभेच राहिले. आधी वाटलं भास असेल. मग दाण्यांचा आला. त्यांनी पाव बाहेर काढले, एक गरम गरम फोडला, काकूंना खाली हाक मारली आणि मोठा घास घेतला. तो गिळायच्या ऐवजी त्यांनी हातरुमालात काढला.

"अगं, ह्यात मीठ कोणी घातलं?"

"तुम्हीच. रोज घालता."

काकांची पद्धत वडिलांचीच होती. पिठाचा चिमूटभर गोळा जिभेवर ठेवायचा आणि चव लागेपर्यंत मीठ वाढवायचं. फक्त वडील सिगरेट ओढत नव्हते. काकांची जीभ वर्षागणिक बधिर होत गेली आणि मूठ तिच्या मागोमाग मोठी होत गेली. इतकी सावकाश, की पाव खाणाऱ्या गल्लीला पत्ताही लागला नाही. गल्लीच्या जिभाही सोबत सरावल्या होत्या. काकूंच्याही.

काकांना लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ एकदम वडिलांच्या मापावर आणलं. पाव सुरेख झाला. कोणी खाईना. रोज पाव नेणाऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, आजारी माणसासाठी वेगळा भाजता का. कोपऱ्यावरच्या खाणावळीनं पाव दुसरीकडून आणायला सुरुवात केली. संध्याकाळी फळ्यांवर अर्धा माल तसाच उरू लागला. टेलरनं एक तुकडा चघळून, बराच विचार करून निकाल दिला.

"लेका, तुझ्या पावाची चव तुझ्या सिगरेटीत होती."

हे वाक्य काकांच्या डोक्यात घर करून बसलं. रात्रभर त्यांनी त्यावर विचार केला आणि पहाटेपर्यंत तो विचार अगदी शास्त्रशुद्ध झाला. जीभ म्हणजे आपलं हत्यार. ते जास्त धारदार झालंय. थोडं बोथट केलं, की मीठ पुन्हा बरोबर पडेल. एकच ओढायची, मीठ घालण्याआधी, तीही धंद्यासाठी. मजेचा प्रश्नच नाही. कोणत्या बेकरीवाल्यानं पिठासाठी एवढं केलं असेल?

पट्टी न लावताच ते मागच्या दाराशी गेले. टेलर तिथं होताच. त्यानं मोठ्या मनानं एक काढून दिली. काडी पेटवणार तोच मागून काकू आल्या. हातात पट्टी होती. काकांनी तोंडातली सिगरेट न काढता सगळा विचार पायरीपायरीनं समजावून सांगितला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"मूठ तुमची, मीठ तुमचं," त्या म्हणाल्या. "जास्त घालायचं तर घाला की. त्यात धुराचं काय काम?"

काकांनी तोंड उघडलं, सिगरेट खाली पडली.   टेलर मध्येच काहीतरी म्हणणार होता, पण काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याला एकदम शिवायचे कपडे आठवले.

गुरुवारच होता. काका सरळ सिस्टरांसमोर जाऊन बसले, या वेळी डोळ्यांचा बाक टाळून. सगळी हकिकत ऐकल्यावर सिस्टर पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, तलफ स्वतःच्या नावानं कधी येत नाही. कधी पोट साफ व्हावं म्हणून येते, कधी मित्राचं मन मोडू नये म्हणून. पिठाच्या वतीनं आलेली मात्र त्यांनी आजच पाहिली. अशी आली की हातानं काही करण्याआधी कोणाला तरी मोठ्यानं सांगायची. काकांनी ते आज नकळत केलंच होतं.

पण काकांचं दुखणं वेगळंच होतं. जुनं मीठ घातलं तर पाव त्यांच्या घशाखाली उतरत नाही, नवं घातलं तर गल्लीच्या. सिस्टरांनी कबूल केलं, की पावातलं त्यांना काही कळत नाही. आणि पुढच्या टप्प्याच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. आधीच्यापेक्षा लहान. जुन्या पाकिटातली उरलेली एक काकांच्या खिशात होती, ती काढून त्यांनी नव्या पट्टीशेजारी ठेवली. मोठी आणि लहान. ते बघत राहिले.

"सिस्टर, ह्याच्यानंतर आणखी लहान असते का?"

असते, त्या म्हणाल्या.

"आणि माणसाला फरक कळत नाही?"

सावकाश केलं तर फारसा नाही.

काका इतक्या घाईनं उठले, की पट्ट्या टेबलावरच राहिल्या. जिन्यावरून परत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पावात जुनं, रग्गड मीठ होतं. गल्ली खूश झाली. खाणावळ परतली. बाई म्हणाल्या, बरं वाटलं हो. काकांनी आता मीठ तराजूत घालून मोजायला सुरुवात केली, आणि दर काही दिवसांनी त्यातलं थोडंसं काढून घेतलं. इकडे पाठीवरची पट्टी लहान होत गेली, तिकडे पावातलं मीठ. सगळी गल्ली उपचार घेत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. काकूंनी फक्त एकदा विचारलं, की गल्लीला थापा कोण मारणार.

पट्ट्या संपल्या. मीठ वडिलांच्या मापाला येऊन टेकलं. त्या आठवड्यात शाळेतल्या बाई पाव घेताना म्हणाल्या, की काका, तुमचा पाव अगदी पूर्वीसारखा झालाय, मध्यंतरी जरा बिघडला होता. काकांनी नम्रपणे मान डोलावली.

तक्रार आली ती एकट्या टेलरची. मागच्या दाराशी तो हातात तुकडा घेऊन उभा होता आणि गल्लीतल्या एकूणएक माणसाच्या जिभेला काय झालंय, हे त्याला समजत नव्हतं. कापूस खाल्ल्यासारखं लागतंय, असं त्याचं म्हणणं. काकांनी आतून दालचिनीची बाटली आणली आणि झाकण काढून त्याच्या नाकाखाली धरली. टेलरनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग बाटली उलटी करून बघितली, की आत काही आहे का.

तो दाराच्या चौकटीला टेकला. कानावर अडकवलेली सिगरेट तशीच होती.

"ती तुझी सिस्टर," त्यानं शेवटी हळूच विचारलं, "गुरुवारीच बसते ना?"

"हो. आधी डोळ्यांच्या बाकावर बस," काका म्हणाले. "तिथून कोणाला संशय येत नाही."