खळ्यासारखं मैदान

बुरैदाच्या त्या तांत्रिक कॉलेजात आम्ही शिकायला गेलो नव्हतो, त्याच्या भिंती बांधायला गेलो होतो. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल असेल. तेलाचा पैसा नुसता वाहत होता आणि बघावं तिकडे खड्डे, सळ्या आणि सिमेंटच्या गोण्या. मी गवंडी. हाशम मुकादम रत्नागिरीकडच्या खाडीवरचा, तो पाण्याचा टँकर चालवायचा. नाना सरनाईक कोल्हापूरचे, ते रोलरवर होते.

आमचा कॅम्प आणि कॉलेजची इमारत यांच्या मध्ये फुटबॉलचं मैदान होतं. मैदान कसलं, वाळूच ती. पाय घोट्यापर्यंत आत जायचा. पण संध्याकाळी काम सुटलं की आम्ही अंघोळीआधी तिथेच जाऊन बसायचो. कॉलेजची पोरं खेळायची आणि आम्ही बघायचो. कॅम्पात दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय? सगळी आसपासच्या खजुराच्या मळ्यांतली पोरं, अंगाने काटक, पायात पातळ रबरी तळाचे जोडे. त्यांचा कॅप्टन सालेह. तो नानांना लांबूनच हाक मारायचा, "या नाना!" अरबीत 'या' म्हणजे 'अहो'.

नाना तरुणपणी त्यांच्या पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलेले. गुडघा मोडला आणि खेळ सुटला. इथे ते रंगाच्या रिकाम्या ड्रमावर बसून, पोरांना न कळणाऱ्या भाषेत शिव्या द्यायचे. सामन्याच्या आधी मैदानावर चुन्याची फक्की मारायचं काम त्यांचंच. पांढरी रेघ अशी मारायचे की दोरी न लावता सरळ. बायको, बायजाबाई, गेल्यापासून ते गावी सुट्टीवर गेलेच नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "तिथं संध्याकाळी काय करू?"

त्या वर्षी आमच्या कॉलेजची टीम कॉलेजांच्या स्पर्धेत फायनलला पोचली. कुणालाच वाटलं नव्हतं. रियाधची टीम इथे आली ती नवे कपडे घालून, आणि अर्ध्या तासात त्यांची पोरं गुडघ्यावर हात टेकून उभी. आमची मात्र पळतच होती. आता जेद्दाच्या टीमशी गाठ होती, आणि पाळीप्रमाणे फायनलही आमच्याच मैदानावर.

पण मुदीरने, म्हणजे कॉलेजच्या मुख्याने, आम्हाला आधीच एक नकाशा दाखवला होता. मैदानाच्या जागेवर मोटार वर्कशॉपची शेड. तो टीमच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कोचला सगळ्यांसमोर म्हणाला, "कप आणलात तर मैदान राहील. शहरातले मोठे लोक सामना बघायला येतील, त्यांच्यासमोर मी शब्द देईन. नाही आणलात तर ही शेड." कोच मान हलवत राहिला. नाना तो नकाशा बराच वेळ बघत होते. त्यांना आकडे कळत नव्हते, पण शेडचा चौकोन कुठे बसतो ते बरोबर कळलं होतं.

जेद्दाची टीम सामन्याच्या दोन दिवस आधी बसने आली. तिचा ड्रायव्हर हुसेनमियाँ हैदराबादचा. गुरुवारी दुपारी तो आमच्या मेसमध्ये जेवायला बसला. भाताचा ढीग समोर घेऊन त्याने सुरुवात केली.

"तुमारी टीम? अरे मियाँ, कल पाँच खाएगी, पाँच. रोटी नहीं, गोल!"

"रियाधवाले भी ऐसाच बोलते थे," नाना म्हणाले. "रोते रोते गये."

"रियाध अलग, जेद्दा अलग. हमारे पोट्टे घास पे खेलते."

"घास खातात का खेळतात रे?" नाना माझ्याकडे वळून म्हणाले, आणि सगळी मेस हसली.

हाशमने वाटी खाली ठेवली. "हुसेनमियाँ, हमारा सालेह देखा नहीं तुमने. रेती पे ऐसा भागता है, जैसे कुर्ली!"

"कुर्ली क्या?"

"केकडा!"

पुन्हा हशा. हुसेनमियाँही हसला. मग बोटं चाटत म्हणाला, "वहीच तो मैं बोल रहा हूँ. रेती में धँसा धँसा के जीतते तुम लोगाँ. ये मैदान है क्या? ऊँटाँ बैठने की जगा है! पक्के मैदान पे लाओ तुम्हारे केकडे को, फिर देखते."

नाना अर्ध्या ताटावरून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागून गेलो.

"बाबाजी," ते मला म्हणाले, "पोरांस्नी नाव ठेवलं असतं तर मी गप बसलो असतो. हरतील न्हाईतर जिकतील. पर मैदानाला नाव ठेवलं त्यानं. आणि खोटं बोलला का? बघ की."

मी बघितलं. ठिकठिकाणी खड्डे, उंचवटे, गोलाच्या तोंडाशी तर मोठा खळगाच.

"उद्या मोठी माणसं येणार. उंट बसायची जागा बघून कोण म्हणंल, हे राखा म्हणून? मैदान मैदानासारखं दिसाय पायजे."

"नाना, फोरमन नाहीये," हाशम मागून म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय. रोलर हाय, टँकर हाय. यल्ला, चला."

फोरमन सुट्टीला रियाधला गेला होता. पोरं सामन्याआधी आपापल्या मळ्यावर गेली होती, कोच त्यांच्यातच कुणाकडे उतरला होता. विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारावं असं वाटलंही नाही. त्या कामात न येण्यासारखं काय होतं? पीक निघायच्या आधी गावी खळं धरतात, तसंच. पाणी मारायचं, मुरू द्यायचं, चोपायचं, पुन्हा पाणी. हाशम विहिरीवरून टँकर भरभरून आणत होता. त्या वाळूत चिकण होती, पाणी पडल्यावर ती घट्ट व्हायला लागली. गोलाच्या तोंडचे खड्डे आम्ही रस्त्याच्या भरावाच्या पांढरट मातीने भरले. नाना रोलर असा चालवत होते की एका पट्ट्यावर दुसरा पट्टा बरोबर चढावा. जिथे रोलर पोचत नव्हता तिथे मी आणि आणखी काहीजण धुम्मसाने ठोकत होतो. अंधार पडला तेव्हा थांबलो. शुक्रवारी सकाळी पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा रोलर फिरवला. दुपारपर्यंत उन्हाने सगळं वाळून दगड झालं.

हाशमने चेंडू वरून टाकला. तो त्याच्या छातीपर्यंत उसळला.

"नाना, इथं तर इमान उतरंल आता!"

आम्ही खूप हसलो. नानांनी फक्की मारली. त्या टणक जमिनीवर रेघ इतकी साफ उठली की तिच्याकडे बघत राहावं. हुसेनमियाँ बसमधून उतरून आला, टाच दाबून बघितली. "वाह," म्हणाला. "अब है मैदान." त्या दिवशी नानांनी दाढी केली होती आणि धुतलेला सदरा घातला होता.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर मोठी माणसं येऊन खुर्च्यांवर बसली. मुदीर त्यांना हाताने मैदान दाखवत होता आणि ते माना डोलवत होते. एवढ्यात पोरांची पिकअप आली. सालेह आधी उतरला. दोन पावलं आत आला आणि थांबला. रबरी तळाचा जोडा जमिनीवर घासून बघितला. मग नानांकडे वळला.

"वेन अर-रमल, या नाना?"

वाळू कुठे गेली, असं विचारत होता. रागाने नाही. घरातली वस्तू जागेवर दिसली नाही तर आपण विचारतो, तसं.

"झेन," नाना म्हणाले. "मैदान झेन." झेन म्हणजे चांगलं; त्यांना अरबी असं दोन-चार शब्दच यायचं.

सालेहने समोर बघितलं. जेद्दाची पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. बुटांच्या तळाला खुंट्या होत्या.

हाशमने माझा दंड धरला. "बाबाजी, कुर्ली बोललो मी. मीच बोललो ना?" त्याला आत्ता समजलं होतं. "वाळू आणून टाकू का?"

"आता?" मी म्हणालो. पंच शिट्टी तोंडात धरून मधोमध उभा होता.

आम्ही ओरडलो मात्र. घसा बसेपर्यंत ओरडलो. सालेहची खेळायची एक रीत होती. तो चेंडू मोकळ्या जागेत टाकायचा, चेंडू वाळूत रुतून तिथेच थांबायचा आणि समोरच्याचे पाय रुतत असताना आपलं पोरगं तिथे पोचायचं. त्या दिवशी चेंडू थांबलाच नाही. पोरगं पोचायच्या आत तो घरंगळत नानांच्या पांढऱ्या रेघेबाहेर गेला. सालेहने पुन्हा तसाच टाकला, पुन्हा गेला. नाना खेळलेले होते. ते ड्रमावरून उठले आणि नंतर बसले नाहीत. आमची पोरं वळताना घसरत होती, गुडघे सोलून घेत होती. वाळूत पडायची सवय, तशीच बिनधास्त पडत होती.

मध्यंतराला हुसेनमियाँ आमच्याजवळ आला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "पहले जैसाच छोड़ना था, मियाँ," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं तो दिल्लगी किया." हुसेनमियाँ बसकडे निघून गेला.

चार गोल झाले. आमचा एकही नाही. खुर्च्या उचलून नेल्या तेव्हा हाशम म्हणाला, "पाच बोलला होता. चारच झाले."

सालेह जाताना नानांच्या पुढ्यात थांबला. नानांनी हात पुढे केला, पण बोलायला भाषा नव्हती. त्याने तो हात धरला, सोडला आणि पिकअपमध्ये चढला. पुढे तो बापाच्या मळ्यावरच राहिला असं ऐकलं. कॉलेजात परत दिसला नाही.

शेडचं काम महिन्याभरात निघालं आणि आमच्याच कंपनीला मिळालं. इंजिनीयर आला. त्याने लोखंडी गज घेऊन मैदानात चार ठिकाणी ठोकून बघितलं. गज आत जाईना. तो खूश झाला.

"हे कुणी दाबलं?" त्याने हिंदीत विचारलं. "फर्स्ट क्लास. रोलरची गरजच नाही इथे. खलास, उद्यापासून पाया काढा."

हाशम टँकरचं चाक पायाने ठोकून बघत होता. रोलरची गरज नाही म्हणून नानांना वाळवंटातल्या रस्त्याच्या कामावर पाठवायचं ठरलं, तिथे कॅम्पशिवाय काहीच नव्हतं. पण रोलर न्यायला ट्रेलर दुसऱ्या दिवशी येणार होता, तोवर त्यांना बसवून कशाला ठेवायचं म्हणून इंजिनीयरने फक्कीचं घमेलं त्यांच्याकडे दिलं.

"पायाची आखणी करा. रेघ सरळ पाहिजे."

जुन्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. मधली रेघ, गोल, कोपरे, सगळं दिसत होतं. नाना घमेलं घेऊन वाकले. मी दोरी घेऊन पुढे झालो, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. जुन्या रेघा ओलांडत ते पलीकडच्या टोकापर्यंत गेले. मी मागून बघितलं. रेघ सरळ आली होती.