ओडेटचे गुण कुणाकडेच नव्हते

मित्रांनो, मी एक जुना शार्पनर आहे. तुमच्या कंपासपेटीत मावतो तसला नव्हे. मी लोखंडाचा, दांडा गरागरा फिरवायचा, भिंतीत स्क्रूंनी आवळलेला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथून कॅनडा हाकेच्या अंतरावर आहे, तिथं नॉर्थ हॅडलॉक नावाचं बटाट्यांचं गाव आहे. त्या गावच्या शाळेत, बॉयलरला लागून असलेल्या एका खोलीत माझा सगळा जन्म गेला.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्या पोटातले पोलादी रूळ इतके धारदार होते, की पेन्सिल आत घातली आणि दांडा दोनदा फिरवला की काम फत्ते. खालच्या डबीत सालपटं पडायची आणि खोलीभर देवदाराचा वास सुटायचा. मास्तर म्हणायचे, "असं यंत्र आता होत नाही." स्तुती ऐकून लोखंडालाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

भिंतीवरून मी काय काय पाहिलं, ते सांगतो. मी देश बदलताना पाहिले. दर काही वर्षांनी वर्तमानपत्रात तक्ता यायचा: वाचनात हा देश पहिला, गणितात तो, विज्ञानात तिसराच. आपला देश कुठं तरी मध्ये, रांगेत ताटकळत उभा. की लगेच आमच्या शाळेत धावपळ. एके वर्षी जपान वर आला, तर बाकं रांगेत लावली आणि पोरांच्या हातात झाडू दिले. मग फिनलंड वर आला, तर गृहपाठ बंद करून बसायला उशा आणल्या. मग सिंगापूर आला, तर पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रांची गणिताची पुस्तकं आली. उशांचा कापूस बाहेर पडला, पुस्तकांची पानं सुटली. फिनलंडमध्ये मास्तरला जो मान आणि जो वेळ मिळतो म्हणतात, तो मात्र कुणी आणला नाही. तो खोक्यात बसत नसावा.

या सगळ्या तमाशात एकच काम खरं चाललं होतं, आणि ते माझ्या खोलीत. मिसेस थर्लो नावाच्या बाई तिथं मोठ्या मुलांना वाचायला शिकवत. मोठ्या, म्हणजे मिसरूड फुटलेल्या. ज्यांना कुणी कधी शिकवलंच नाही आणि तरी दरवर्षी वरच्या वर्गात ढकललं, अशांना. बाकीची पोरं या खोलीला "बाळवर्ग" म्हणून चिडवायची. म्हणून ही पोरं टोपी डोळ्यांवर ओढून आत यायची आणि आधी दार लावायची. बाईंचा एकच नियम होता. "कळल्याशिवाय पान उलटायचं नाही. जगाला घाई असेल, आपल्याला नाही."

ओडेट मिशो आली तेव्हा चौदाची होती. घरी आजोबांशी, म्हणजे तिच्या पेपेशी, ती तिथल्या नदीखोऱ्यातली फ्रेंच बोलायची आणि शाळेत इंग्रजी. वाचायला दोन्ही येत नव्हतं. गप्प बसणारी पोर. गप्प बसणाऱ्याला नापास करायला कुणाला सवड नसते.

बाई म्हणायच्या, "वाच बघू." की ओडेट उठायची, माझ्याकडे यायची आणि पेन्सिलीला टोक काढत बसायची. टोक चांगलं असलं तरी मोडून पुन्हा काढायची. अख्खी पेन्सिल मी खाल्ली, पण तिचं एक वाक्य पुरं झालं नाही. तिची लाज माझ्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. बाई रागावल्या नाहीत. त्या वाट बघत बसायच्या. आणि हळूहळू, मित्रांनो, पोरगी माझ्याकडे कमी यायला लागली. मी रिकामा राहू लागलो. कामाविना बसण्यात एवढं सुख असतं हे मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे शाळा ऑगस्टमध्येच भरते, कारण सप्टेंबरात बटाटे काढायला सुट्टी द्यावी लागते. त्या सुट्टीच्या तोंडावर मुख्याध्यापक गॅस्टन गॅग्नन खोलीत आले. फारच खुशीत होते.

"बाई, लॉटरी लागली! तक्ता येतो ती देशादेशांची परीक्षा आहे ना, तिच्या चिठ्ठीत आपली शाळा निघाली."

"बरं मग?"

"बरं मग काय? शाळेची कमिटी तुमची खोली बंद करायला टपलीय. पोरांना चांगले गुण पडू द्या, तो निकाल मी त्यांच्या तोंडावर मारतो. पंधरा वर्षांची सगळी पोरं बसणार. आपल्याकडं आहेतच मूठभर." मग त्यांनी आवाज खाली केला. "ओडेटला तेवढं गाळू. इंग्रजी कच्चं म्हणून गाळता येतं. नियमात बसतं."

"ती इथंच जन्मली, गॅस्टन," बाई म्हणाल्या. "बालवाडीपासून तुमच्याच शाळेत आहे. कच्चं ठेवलं कुणी?"

दारात ओडेट उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मी बसणार," ती म्हणाली.

"कशाला गं त्रास करून घेतेस?" गॅग्नन म्हणाले.

"पापा रोज म्हणतात, तिथं जाऊन करतेस काय ते एकदा दाखव. नाहीतर सतरा लागलं की बटाट्याच्या फ्राइजच्या कारखान्यात चल. मला दाखवायला एक तरी आकडा पाहिजे, सर. कसलाही चालेल."

आता दोन गोष्टी त्या परीक्षेवर टांगल्या होत्या, खोली आणि पोर.

सुट्टी संपली. पोरं शेतावरून आली ती फुटलेल्या हातांनी, नखांत माती घेऊन. ओडेट बटाटे काढायच्या यंत्राच्या पट्ट्यापाशी उभी राहून बटाट्यांतले दगड वेचून आली होती. परीक्षा माझ्याच खोलीत झाली. बाहेरून एक मॅडम आल्या, सीलबंद पुस्तिका आणि घड्याळ घेऊन. त्या दिवशी मी जितक्या पेन्सिली खाल्ल्या तितक्या कधीच नाही.

"याचे मार्क धरणार का?" बुशे नावाच्या पोरानं शेजाऱ्याला विचारलं.

"नाही म्हणे."

"मग डोकं कशाला फोडायचं? पिझ्झा देणारेत ना शेवटी? बस्स."

त्यानं उत्तरांचे गोल न वाचताच भरत नेले. वरून खाली, खालून वर. मधूनच एका पानावर रेनडिअर काढला. सगळ्यांच्या आधी त्याची पुस्तिका भरली.

ओडेटनं पहिला उतारा उघडला. मधमाश्यांच्या पेट्या एका शेतातून दुसऱ्या शेतात कशा नेतात, असं काहीतरी होतं. ती बोट ठेवून वाचत गेली. एका ओळीवर अडली, मागे गेली, पुन्हा आली. मग एकदम तिनं मान वर केली. मित्रांनो, ते तोंड मी विसरणार नाही. कळलं होतं तिला! कुणी न सांगता, एकटीला. तिनं उत्तरं लिहिली, पूर्ण वाक्यांत, रेघेवर. मग दुसऱ्या उताऱ्यावर न जाता तिनं पहिला पुन्हा वाचून काढला. एक शब्द राहिला होता म्हणून.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या.

पोरं पिझ्झ्याकडे पळाली. बाईंनी विचारलं, "किती झालं गं?"

"एक उतारा. पण सगळा कळला, बाई! पान नाही उलटलं, कळेपर्यंत."

बाई हसल्या. ओडेट गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या. तिच्या कोऱ्या पानांचा विचार करत असाव्यात. आपल्याच नियमानं पोरगी बुडाली, हे त्यांना कळलं होतं. रेनडिअरवाल्याची पुस्तिका भरलेली आणि हिची रिकामी. मोजणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

मग सुरू झालं वाट बघणं. वसंतात कमिटी आली, तर गॅग्नन म्हणाले, "निकाल येऊ द्या, मग बोलू." कमिटीनं वर्षाची मुदत दिली. ओडेट येता जाता विचारायची, "आले का माझे?" बाई म्हणायच्या, "येतील." तोवर ती वर्तमानपत्रं वाचायला लागली होती. पेपेला हवामान वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "आमच्या घरात रेडिओ बोलायचा, आता पोर बोलते."

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात निकाल आला. गॅग्नन वर्तमानपत्र फडकावत आले. मोठा तक्ता, देशांची रांग, आणि आम्ही जिथं असतो तिथंच, मध्ये.

"हा देश झाला," बाई म्हणाल्या. "आपली शाळा कुठं आहे?"

गॅग्नननी पान उलटलं, पुन्हा उलटलं. शेवटी बाईंनी भिंतीवरच्या फोनवरून त्या परीक्षावाल्यांना फोन लावला. ओडेट शेजारी उभी. पलीकडची बाई मोठ्या आवाजाची होती, मलासुद्धा ऐकू येत होतं.

"मॅडम, या परीक्षेत शाळेला गुण नसतात. मुलांनाही नसतात. कुठल्याच मुलाला सगळे प्रश्न दिलेले नसतात ना! सगळ्यांचे तुकडे जोडून देशाचा आकडा निघतो. शाळांना आम्ही हे आधीच लेखी कळवतो."

बाईंनी गॅग्ननकडे पाहिलं.

"कळवलं असेल," ते पुटपुटले. "पण एवढं सगळं कोण वाचत बसतो?"

वाचनाच्या खोलीत उभं राहून म्हणाले हे.

ओडेटनं फोन हातात घेतला. "मग माझे गुण गेले कुठं?"

"देशात गेले, बाळा," पलीकडची म्हणाली. चांगली होती बिचारी.

"देश काय पापांना दाखवू?"



पुढचं तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, आणि लाज वाटायला हवी ती दुसऱ्यांना. टीव्हीवर ओरड झाली, देश मागे पडला. वसंतात कमिटी बसली आणि तक्त्यात वर असलेल्या कुठल्याशा देशाचा अभ्यासक्रम विकत घ्यायचं ठरलं. त्यासाठी काहीतरी बंद करणं आलंच. खोली बंद झाली. थर्लो बाईंनी आपली पुस्तकं गाडीत भरली आणि दक्षिणेला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी माझी डबी रिकामी केली. इतकंच. लोखंडाचा निरोप कोण घेतो?

शरदात पुन्हा बटाट्यांची सुट्टी लागली आणि त्या सुट्टीतच ओडेट सतराची झाली. सुट्टी संपल्यावर ती एकदाच खोलीत आली, राहिलेलं पुस्तक न्यायला. मागं तिचे पापा होते, कारखान्याचे बूट घातलेले, थकलेला माणूस. खोली छतापर्यंत खोक्यांनी भरली होती. नव्या अभ्यासक्रमाची खोकी, एकही फोडलेलं नाही. शिकवायचं कुणी, हे ठरायचं होतं.

"काय लिहिलंय त्यावर?" पापांनी सहज विचारलं.

ओडेटनं वाचलं. एका दमात, कुठंही न अडखळता. "ओलाव्यापासून जपा. वाचन, टप्पा पहिला. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी."

पापा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना स्वतःला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

"वाचलंस की गं!"

"हो."

"सगळं? मनानं लावून नाही ना सांगितलंस?"

"सगळं, पापा."

त्यांचे डोळे भरून आले. खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मग झालं की. आली विद्या. आता आणखी कशाला शाळा? चल, शिफ्ट चुकेल."

ओडेटनं पुस्तक काखेत मारलं. ज्या एका माणसाला तिला दाखवायचं होतं, त्यानं पाहिलं होतं. ती गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, माझी निगा राखा, मला तेल द्या, मला टाकू नका. मी म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या. खोक्यांमागं मी आहे हेही आता कुणाला माहीत नाही, आणि त्यानं कुणाचं काही अडलेलं नाही. पण तुमच्या शाळेत कुणी तो तक्ता घेऊन आलं आणि आपला देश कितवा म्हणून ओरडू लागलं, तर त्याला विचारा, आपल्या गल्लीतलं अमुक पोर कितवं? नाव घेऊन विचारा. तो सांगू शकणार नाही. तुमच्या विचारण्यानं काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी नाव घ्या. निदान तेवढा वेळ तरी त्या पोराला नाव असेल.